घर कुणाचं, नाव कुणाचं?

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटा. निवडायला घेतलेली मेथी हातात असू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपल्याला घरांच्या बक्षिसांचा इतिहास ऐकायचाय. स्वच्छ गावाला बक्षीस असतं, रांगोळीला असतं, गाईगुरांच्या प्रदर्शनात खिलार बैलालाही असतं. तसं चांगली इमारत बांधण्यालाही असतं. देशात आणि परदेशात दरवर्षी अशी बक्षिसं जाहीर होतात. त्यातलं सगळ्यात मोठं मानलं जाणारं बक्षीस आपल्या पुण्यात जन्मलेल्या एका माणसाला मिळालं, आणि त्यात गरिबांसाठी आखलेल्या घरांचा मोठा वाटा होता. पण ही गोष्ट आम्ही का शोधायला निघालो, ते आधी सांगतो. त्यात आमचीच एक चूक आहे.

खराडी म्हटलं की आता लोकांना काचेच्या उंच इमारती आठवतात. पण 1997 साली पुणे महापालिकेत येईपर्यंत खराडी हे मुळा-मुठेच्या काठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. आजही आयटी पार्कच्या पाठीमागे, गावठाणात आणि चंदननगरच्या गल्ल्यांमध्ये दहा बाय बाराच्या खोल्या आहेत, पत्र्याची घरं आहेत. आमचे बचत गट तिथलेच. नगर रस्त्याने पुढे वाघोलीच्या पलीकडच्या गावांतलेही काही गट आमच्याशी जोडलेले आहेत. आमच्या गटांची कर्जाची वही उघडली तर कारणाच्या रकान्यात दोन शब्द सारखे दिसतात: मुलांची फी आणि घर. कुणाला पत्रा बदलायचा असतो, कुणाला मोरी बांधायची असते, कुणाला वर एक खोली चढवायची असते.

म्हणून मागच्या महिला दिनाला आम्ही ठरवलं की यंदा रांगोळीऐवजी घराला बक्षीस द्यायचं. मोठं घर नको, सोयीचं घर पाहायचं. उजेड येतो का, धूर बाहेर जातो का, सांडपाण्याची वाट लावली आहे का, म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता येतं का. आमच्यातल्या तिघी चौदा घरं हिंडून आल्या. त्यातली पाच निवडली. पाच पितळी समया आणल्या, प्रशस्तिपत्रं छापायला द्यायची होती. नावं नीट यावीत म्हणून आम्ही प्रत्येकीकडून घरपट्टीची पावती मागवली आणि त्यावरून यादी उतरवून काढली.

बैठकीत यादी वाचली. पाचही नावं पुरुषांची. त्यातले एक दादा तर सहा वर्षांपूर्वीच वारलेले. त्या घराचा स्लॅब त्यांच्या माघारी पडला होता, मावशींनी गटातून दोनदा कर्ज काढून टाकला होता, आणि सेंट्रिंगच्या फळ्या स्वतः डोक्यावरून वाहिल्या होत्या. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "पावती वाचून दाखवताय होय? मग बक्षीस पावतीलाच द्या."

आम्हाला काही बोलता येईना. यादी दुसऱ्या कुणी लिहिलेली नव्हती. सातबारावर नाव लावा, पासबुकावर सही करा, असं गावोगाव सांगत फिरणाऱ्या आम्हीच ती लिहिली होती. त्या दिवशी बक्षिसं वाटली नाहीत. समया कपाटात ठेवल्या. आणि मग आम्ही शोधायला लागलो की जगात जी मोठमोठी बक्षिसं देतात, ते नाव कुणाचं लिहितात? घर ज्याने कागदावर काढलं त्याचं, ज्याचा पैसा लागला त्याचं, ज्याने विटा रचल्या त्याचं, की जी त्यात राहते तिचं?

इमारतींच्या बक्षिसांचा हा इतिहास बराच जुना आहे. लंडनमध्ये तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने 1848 साली रॉयल गोल्ड मेडल सुरू केलं. वास्तुविशारद म्हणजे आर्किटेक्ट, इमारतीचा विचार करून नकाशा काढणारा. हे सोन्याचं पदक एका इमारतीला नव्हे, तर एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाला देतात. आपल्याकडे मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्यांनी 1917 साली एकत्र येऊन एक संघटना काढली. तिचीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. ही संस्थाही चांगल्या इमारतींना पारितोषिकं देते, आणि बाबूराव म्हात्रे यांच्या नावाचं सुवर्णपदक देते. याच जे. जे.मधून 1936 साली पेरीन मिस्त्री ही पारशी मुलगी वास्तुविशारद होऊन बाहेर पडली. भारतातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे मुंबईत एक बाई नकाशे काढायला लागली त्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून म्हणतो, नकाशातलं बायकांना काय कळतं.

1979 साली अमेरिकेतल्या शिकागोच्या प्रित्झकर कुटुंबाने एक नवं बक्षीस सुरू केलं. हॉटेलांच्या धंद्यातलं हे श्रीमंत घराणं. त्यांचं म्हणणं असं की विज्ञानाला, साहित्याला नोबेल आहे, मग वास्तुकलेला का नको? तेव्हापासून दरवर्षी प्रित्झकर पुरस्कार जाहीर होतो. एक लाख डॉलर आणि ब्राँझचं पदक. त्या पदकावर तीन शब्द कोरलेले आहेत. ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या विट्रुव्हियस नावाच्या रोमन माणसाच्या विचारातून आलेले आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर मजबुती, सोय आणि आनंद.

हे तीन शब्द आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही फळ्यावर लिहिले. मजबुती सगळ्यांना लगेच पटली, सळई किती एमएमची घ्यायची यावर अर्धा तास चर्चा झाली. सोय म्हटल्यावर बायका खऱ्या बोलायला लागल्या. ओटा इतका उंच की हात दुखतो, मोरी दारातच आहे, न्हाणीला कडी नाही, पाण्याची टाकी जिन्याखाली आणि वापर वर. आनंद या शब्दाला मात्र सगळ्या हसल्या. मग एक जण म्हणाली, "दुपारी कामावरून आल्यावर जिथं पाच मिनिटं पाय पसरून बसावंसं वाटतं तेवढी जागा." आम्ही आनंदापुढे तेच लिहिलं.

पण या मोठ्या बक्षिसानेही आमच्यासारखीच चूक केलेली आहे. प्रित्झकर सुरू झालं 1979 साली आणि पहिल्यांदा एका बाईला मिळालं ते 2004 साली, झाहा हदीद यांना. मधे पंचवीस वर्षं गेली. त्या पंचवीस वर्षांतच, 1991 साली, हे बक्षीस अमेरिकेतल्या रॉबर्ट व्हेंचुरी यांना दिलं गेलं. व्हेंचुरी आणि त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राऊन दोघंही वास्तुविशारद. कचेरी दोघांची, विचार दोघांचा, पुस्तकही बरोबरीने लिहिलेलं. पण बक्षिसावर नाव एकट्या नवऱ्याचं. बावीस वर्षांनी, 2013 साली, हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींनी अर्ज काढला की डेनिसबाईंचंही नाव त्या बक्षिसात लावा. हजारो लोकांनी सह्या केल्या. खुद्द व्हेंचुरींनी सही केली. पण परीक्षकांनी कळवलं की आधीच्या परीक्षकांचा निर्णय आता बदलता येणार नाही.

हे ऐकून आमच्यातल्या एकीने विचारलं, "म्हणजे तिकडंही नाव लावायला तलाठी नाहीच म्हणतो?" आम्ही खूप हसलो. पण मुद्दा तिने बरोबर पकडला होता. एकदा कागदावर नाव राहिलं की मागाहून लावणं फार अवघड जातं, मग ती बाई अमेरिकेतली असो की आपल्या वाडीवरची.

आता आपण नगर रस्त्यावर परत येऊ. खराडीहून पुण्याकडे निघालं की येरवड्याच्या अलीकडे आगाखान पॅलेस लागतो. सुलतान मोहम्मद शाह आगाखान यांनी तो 1892 साली बांधला. दुष्काळाने पिचलेल्या आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला, असं सांगतात. 1942 साली 'चले जाव' आंदोलनात इंग्रजांनी गांधीजींना आणि कस्तुरबांना इथंच स्थानबद्ध करून ठेवलं. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 रोजी इथंच गेल्या. त्यांची आणि महादेवभाई देसाईंची समाधी आवारात आहे. आमच्या गटांची सहल तिथं जाते तेव्हा बायका बांच्या समाधीपाशी जरा जास्त वेळ थांबतात.

हा महाल आगाखानांच्या नातवाने पुढे भारताला दान दिला. त्याच नातवाने 1977 साली इमारतींसाठी आणखी एक बक्षीस सुरू केलं, आगाखान वास्तुकला पुरस्कार. तो दर तीन वर्षांनी देतात. या पुरस्काराची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बक्षीस एकट्या वास्तुविशारदाला देत नाहीत. इमारत उभी करण्यात ज्यांचा हात आहे त्या सगळ्यांचा विचार होतो, मग तो नकाशा काढणारा असो, काम करवून घेणारी संस्था असो, नगरपालिका असो, इंजिनियर असो, की मुख्य कारागीर असो. आमचं अडलेलं गाडं इथं थोडं पुढे सरकलं. म्हणजे एका घराला एकच नाव असलं पाहिजे असं काही नाही.

1995 साली या आगाखान पुरस्काराच्या यादीत इंदूरची एक वसाहत होती, अरण्य नावाची. ती आखली होती बाळकृष्ण दोशी यांनी. आणि हेच ते आम्ही सुरुवातीला म्हणालो ते पुण्यात जन्मलेले गृहस्थ.

दोशींचा जन्म 26 ऑगस्ट 1927 रोजी पुण्यात झाला. एकत्र कुटुंब, आणि दोन पिढ्यांचा लाकडी सामानाचा धंदा. लाकूड, रंधा, सांधा हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मुंबईला जे. जे.मध्ये शिकले. मग पॅरिसला जाऊन ल कॉर्बुझिए या त्या काळातल्या नावाजलेल्या वास्तुविशारदाच्या हाताखाली राबले. चंडीगढ शहर ज्यांनी आखलं तेच हे कॉर्बुझिए. पुढे दोशी अहमदाबादला स्थायिक झाले आणि 1962 साली त्यांनी तिथं वास्तुकलेची शाळा काढली. त्यांना मोठ्या इमारतींची कामं मिळत गेली. पण गरिबाचं घर कसं असावं हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

1980 नंतरच्या काळात इंदूरच्या विकास प्राधिकरणाने हे काम त्यांच्याकडे सोपवलं. इंदूर म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या घराण्याचं शहर, आपल्या मराठी माणसांची तिथं पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. शहराच्या झोपडपट्ट्यांतून राहणाऱ्या हजारो कुटुंबांसाठी जागा आखायची होती. दोशींच्या लोकांनी आधी नकाशा काढला नाही. आधी ते वस्त्यांमध्ये जाऊन पाहत बसले. बाई भांडी कुठे घासते, पोरं कुठे खेळतात, म्हातारा कुठे बसतो, दुकान घराच्या कुठल्या बाजूला निघतं, झाडाखाली काय काय चालतं. त्यांना दिसलं की गरिबाचं निम्मं घर दाराबाहेर असतं, ओट्यावर, पायरीवर, बोळात.

मग त्यांनी जे आखलं ते असं. सगळ्यात गरीब कुटुंबाला सुमारे 35 चौरस मीटरचा प्लॉट. आपल्या हिशेबाने पावणेचारशे चौरस फूट. त्यावर जोता बांधलेला. पाणी, संडास-न्हाणी आणि गटाराची जोडणी करून दिलेली. त्यापुढे खोली, जिना, वरचा मजला, गॅलरी हे घरवाल्यांनी आपल्या ऐपतीने, आपल्या सवडीने वाढवायचं. नमुन्यासाठी ऐंशी घरं बांधून दाखवली, म्हणजे लोकांना पाहून ठरवता यावं. प्रत्येक घराला ओटा ठेवला, गल्ल्या सावलीत राहतील अशा आखल्या. बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचे मोठे प्लॉट त्याच वसाहतीत ठेवले, त्यांच्या पैशातून गरिबांच्या जागेचा भार हलका केला. साडेसहा हजारांहून जास्त घरं, ऐंशी हजारांहून जास्त माणसं. पुढे सगळंच ठरल्याप्रमाणे झालं असं नाही, काही कुटुंबांनी पैशाच्या गरजेपोटी प्लॉट विकून टाकले. पण घर एका दमात पुरं होत नाही, ते कुटुंबाबरोबर वाढतं, हे त्यांनी नकाशातच मान्य केलं होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण घर असंच बांधतो. या दिवाळीला विटा, पुढच्या उन्हाळ्यात पत्रा, भिशी लागली की फरशी, गटाचं कर्ज फिटलं की पुन्हा नवं कर्ज आणि गिलावा. लोक म्हणतात, यांचं घर दहा वर्षं झाली तरी अपुरंच. त्या अपुऱ्या घरामागचा हिशेब मोठ्या वास्तुविशारदाने पाहिला आणि त्याला शास्त्र मानलं.

7 मार्च 2018 रोजी दोशींना प्रित्झकर जाहीर झाला. हे बक्षीस मिळालेले ते पहिले भारतीय. तेव्हा त्यांचं वय होतं नव्वद. त्यांच्या कामाचं कौतुक करताना अरण्य वसाहतीचं नाव आवर्जून घेतलं गेलं. आणि योगायोग पाहा, तो समारंभ झाला कॅनडातल्या टोरंटो शहरात, आगाखान संग्रहालयात. ज्या घराण्याचा महाल आपल्या नगर रस्त्यावर आहे, त्याच घराण्याच्या वास्तूत पुण्याच्या मुलाचा सत्कार. पुढे 2022 साली लंडनचं ते 1848 पासूनचं सोन्याचं पदकही त्यांना मिळालं. 24 जानेवारी 2023 रोजी दोशी गेले.

लंडनचं हे पदक दोशींच्या आधी 1984 साली मुंबईच्या चार्ल्स कोरिया यांना मिळालं होतं. त्यांनी त्याच सुमारास नवी मुंबईत बेलापूरला घरं आखली. सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती, आणि प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, शेजाऱ्याशी सामाईक नाहीत. कारण साधं आहे. भिंत सामाईक असली की वाढवायला गेलं की भांडण. आपल्या गल्लीतली निम्मी भांडणं त्या एका भिंतीची असतात, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती पत्र्याची आहे. 2022 सालचं प्रित्झकर मिळालं फ्रान्सिस केरे यांना. ते आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातल्या गांडो नावाच्या खेड्यातले. त्यांच्या गावात शाळा नव्हती, म्हणून लहानपणीच घर सोडून शिकायला बाहेर जावं लागलं. सुतारकाम शिकायला जर्मनीला गेले, पुढे वास्तुविशारद झाले, आणि पैसे गोळा करून आधी आपल्या गावाला शाळा बांधून दिली. 2001 साली ती पुरी झाली. विटा मातीच्याच, थोडं सिमेंट घालून दाबलेल्या. छप्पर पत्र्याचंच, पण भिंतीवर टेकवलेलं नाही. खाली विटांचं छत, त्यावर मोकळी जागा सोडून सळयांच्या सांगाड्यावर उंच उचललेला पत्रा. मधल्या जागेतून गरम हवा निघून जाते आणि वर्ग थंड राहतो. काम गावाने केलं. बायकांनी जमीन चोपून चोपून गुळगुळीत केली, आपण अंगण चोपतो तशी. या शाळेलाही 2004 साली आगाखान पुरस्कार मिळाला होता.

आणि आता अगदी जवळचं. आपल्या येरवड्यात, 2005 नंतर केंद्राच्या जवाहरलाल नेहरू शहर पुनर्निर्माण अभियानातून काही वस्त्यांमध्ये घरं बांधली गेली. स्पार्क ही संस्था, महिला मिलनचे बचत करणारे गट आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी मिळून ते काम केलं. लोकांना उचलून लांबच्या उंच इमारतीत नेलं नाही. जिथं कच्चं घर होतं तिथंच पक्कं बांधलं, गल्ल्या आणि शेजार तसाच ठेवला. घर सुमारे 270 चौरस फुटांचं, आणि खर्चाचा साधारण दहावा हिस्सा कुटुंबाचा. महिला मिलनच्या बायकांची या बाबतीतली रीत मुंबईपासूनची आहे. 1986 साली भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी हे गट सुरू केले, आणि घर कसं हवं हे सांगण्यासाठी त्यांनी कापड-पुठ्ठ्याची खऱ्या मापाची घरं उभी करून लोकांना दाखवली. नकाशा वाचता आला नाही तरी घरात उभं राहून सांगता येतं, की इथं चूल नको, इथं दार हवं.

हे ऐकल्यावर आम्हीही एक रीत पाडली आहे. गटातून घरासाठी कर्ज घेणारी बाई आणि तिच्या घरचे, मिस्त्री, आणि गटातल्या दोघी, एवढे सगळे जागेवर जमतात. दोरी लावून फक्कीने खोलीची आखणी करतात. मग ती बाई त्या पांढऱ्या रेघांमध्ये चालून दाखवते. ओट्यापाशी उभी राहते, हंडा घेऊन मोरीकडे जाते, अंथरूण टाकायला जागा पाहते. एकीच्या घरी असं करताना कळलं की स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. मिस्त्री म्हणाले, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आधी विचारलं कुणी? फक्की पुसून रेघ हलवायला काही खर्च येत नाही. भिंत फोडायला येतो.

राहिला प्रश्न नावाचा. आम्ही बक्षिसाचा अर्ज नव्याने लिहिला. त्यात चार प्रश्न घातले. घर कसं असावं हे कुणी ठरवलं? पैसा कुणाकुणाचा लागला? काम कुणी केलं, गवंड्यापासून बिगारी बाईपर्यंत सगळ्यांची नावं. आणि कागदावर नाव कुणाचं? पहिले तीन रकाने भरभरून आले. चौथ्या रकान्यात पुन्हा तीच पाच नावं.

इथं आम्ही थोडा सरकारी नियम वाचला. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये जे घरकुल मिळतं ते पत्नीच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं असतं. किमान 25 चौरस मीटर, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. म्हणजे नव्या घरकुलाला रस्ता मोकळा आहे. अडचण आपल्या जुन्या घरांची. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये, शहरात असाल तर घरपट्टीच्या नोंदीत, नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि घरमालकाची संमती लागते. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला लावून वारस नोंद करावी लागते. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे खरं. पण उद्या कुठेही गेलं की पहिला कागद तोच मागतात.

आमच्या पाच जणींपैकी दोघींच्या नवऱ्यांनी लगेच सही केली. एकाने तर म्हटलं, हप्ते तीच फेडते, मी कशाला नाही म्हणू? तिसरीचा अर्ज दिलाय, तो अजून फिरतोय. चौथीच्या सासूबाई म्हणाल्या, "बाईचं नाव लावलं की घर फुटतं." त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात काहीच नव्हतं, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. चौथीचा कागद अजून तसाच आहे. आणि पाचव्या मावशी, ज्यांनी आम्हाला गप्प केलं होतं, त्यांची वारस नोंद झाली. त्याला चार हेलपाटे आणि दोन दिवसांची मजुरी लागली.

3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही कपाटातल्या समया बाहेर काढल्या. पितळ काळवंडलं होतं, चिंचेने घासून घेतलं. प्रशस्तिपत्रं छापून आणली नाहीत, हाताने लिहिली, कारण प्रत्येकावर नावं वेगवेगळी आणि पुष्कळ होती. एका पत्रावर तर नऊ नावं, त्यात गवंडी, त्यांच्या हाताखालच्या दोन बायका, आणि विटा उधारीवर देणारे शेजारी. चौथीचंही नाव पहिल्या ओळीत होतं. आमच्या कागदावर तरी ते लिहिणं आमच्याच हातात होतं.

मावशींनी समई घेतली, पत्र घेतलं आणि नातीला वाचायला दिलं. नातीने सगळी नावं वाचली. मावशी म्हणाल्या, "ह्यांचंबी नाव ठेवलंत ना? बरं केलंत. जोता त्यांनीच घातला होता."

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की पेटीतून घराचा कागद काढा. चष्मा लावा, नाहीतर लेकीला वाचायला सांगा. त्यावर कुणाचं नाव आहे ते ऐका. आणि पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत लिहून ठेवा, किती जणींचं नाव आहे आणि किती जणींचं नाही. तेवढं केलंत तरी पुढचा अर्ज लिहायला आम्ही येऊ.